मुशीचं पाणी

(दृश्य : मालवण, दांडी किनारा. सकाळची रापण. दोर ओढणाऱ्यांचा मूळ आवाज थोडा वेळ तसाच चालू द्यावा.)

रापण ओढायला बळ लागतं, आणि त्याहून जास्त लागते लय. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळं सोडलं, की त्याची दोन्ही टोकं पुळणीवर येतात. दोन रांगा उभ्या राहतात. एक हाळी, एक हिसका, एक पाऊल मागे. पुन्हा हाळी. जाळ्याचा घेर कमी होत जातो तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. आत बांगडा असेल, तारली असेल, पेडवे असतील. ते कळतं अगदी शेवटी, पाणी गुडघ्याएवढं उरल्यावर.

(दृश्य : जाळ्यातला फेस. पाण्याखाली काळसर पाठ. पांढरे ठिपके.)

हा बांगडा नाही.

हा व्हेल शार्क. देवमासा नव्हे, मासाच. जगातला सर्वांत मोठा मासा. पूर्ण वाढलेला बारा मीटरच्याही पुढे जातो. तोंड एवढं रुंद, तरी खाणं काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माशांची अंडी, लहान मासळीचे थवे. तोंड उघडं ठेवून पोहायचं, आत आलेलं पाणी कल्ल्यांमधून गाळून बाहेर सोडायचं आणि उरलेलं गिळायचं. दात आहेत, हजारोंनी आहेत, पण तांदळाच्या दाण्याएवढे, आणि खाण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. लहान मासळीच्या मागे मागे तो किनाऱ्याजवळ आला आणि त्याच मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात शिरला.

आता हे हात बघा. घाई कुणालाच नाही. कारण घाईने शेपटीला दोर बांधून ओढलं, तर मासा दुखावतो, आणि कोरड्या वाळूवर आला तर स्वतःच्याच वजनाखाली दबतो. पाण्यात त्याला तोलून धरणारं पाणी असतं, वाळूवर काहीच नसतं. म्हणून आधी जाळं ढिलं सोडतात. कल्ल्यांवरून पाणी वाहतं राहील एवढ्या खोलीत त्याला ठेवतात. बोयांची दोरी खाली दाबून वाट करून देतात. तेवढ्याने भागलं नाही, तर सुरी निघते.

(दृश्य : सुरीने जाळं कापताना. इथे निवेदन नको.)

कापलेलं जाळं म्हणजे कापलेली कमाई. 2001 साली व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळालं. त्याला पकडणं, मारणं, विकणं गुन्हा ठरला. पण फाटलेल्या जाळ्याचं काय, याला उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. आता महाराष्ट्रात कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाची योजना आहे. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. म्हणून या गर्दीत एक जण पाण्यात न उतरता मोबाईल धरून उभा आहे. तो बघ्या नाही. सोडवणुकीचं चित्रीकरण हाच पुरावा असतो.

तोंड खोल पाण्याकडे वळलं. शेपटीचा एक फटका. गेला.

(दृश्य : बंदरावरचा लिलाव. टोपल्या, बर्फ, मासळीवाल्या.)

कोकणच्या किनाऱ्यावर शार्क म्हटलं, की बहुतेकांची गाठ पडते ती इथे. उत्तरेकडे मुशी, सिंधुदुर्गात मोरी. टोपलीत ही जी लांबट, चपट्या नाकाची रांग दिसते आहे, ती आपल्या किनाऱ्यावरची सगळ्यांत सामान्य जात. पूर्ण वाढ झाली तरी पाऊण मीटरच्या आतच राहते. माणसाला चावण्याचा प्रश्नच येत नाही. खाते कोळंबी आणि लहान मासळी.

तिची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं. सगळ्या शार्क जातींत सर्वांत लहान. एवढ्याशा अंड्यात पिल्लाला पुरेल एवढं अन्न मावणार कुठून? म्हणून पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलेलं असतं. पाच-सहा महिने. मग सहापासून अठरापर्यंत पिल्लं जिवंत जन्माला येतात, प्रत्येक बारा-पंधरा सेंटिमीटर लांब. बांगड्याची एक मादी एका हंगामात हजारो अंडी सोडते. मुशीचा हिशेब वेगळा आहे. पोटात पिल्लं असलेली एक मादी टोपलीत पडली, की पुढचा डझनभर जीव तिथेच थांबतो.

आणि ही पाहा, कानमुशी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फाकलेले कान दिसतात, त्यांच्या टोकाला डोळे. टोपलीत आली आहेत ती पिल्लं आहेत, हातभरही नाहीत. कानमुशीच्या काही जाती आज जगातून नाहीशा होण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहेत. जगभरात दरवर्षी मारल्या जाणाऱ्या शार्कचा अंदाज आठ ते दहा कोटींचा आहे. उलट बाजूचा आकडा अमेरिकेतल्या फ्लोरिडात ठेवल्या जाणाऱ्या शार्कहल्ल्यांच्या जागतिक नोंदवहीत मिळतो. माणसाने छेड काढलेली नसताना शार्कने चावल्याच्या घटना 2023 साली जगभरात 69, आणि 2024 साली 47.

(दृश्य : ड्रोन. देवबाग संगम. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. पाण्याचे दोन रंग.)

तरीही समुद्रात उतरणाऱ्याने एक जात ओळखून असावं. बुल शार्क. जाड मानेचा, बोथट नाकाचा, अडीच-तीन मीटरचा. बाकीच्या बहुतेक शार्कना गोडं पाणी सोसत नाही. याचं शरीर मिठाचा तोल सांभाळतं, त्यामुळे तो खाडीतून नदीत शिरू शकतो. मादी पिल्लं घालायला मुद्दाम खाडीच्या तोंडाशी येते. गढूळ, उथळ पाणी, भरपूर मासळी, आणि मोठे शार्क इकडे फारसे फिरकत नाहीत. पिल्लांसाठी याहून बरी जागा कुठली.

फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, समुद्रापासून बऱ्याच आत, वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाला बुल शार्कने गंभीर चावा घेतला. कोकणात अशी घटना अपवादानेच घडते.

तिथे नेमकं काय झालं असेल, हे समजायला शार्कला जग कसं जाणवतं ते पाहावं लागतं.

(दृश्य : मुशीचं डोकं अगदी जवळून. नाकावरची बारीक छिद्रं.)

नाकावर, जबड्याभोवती ही छिद्रं दिसतात. प्रत्येकाच्या आत चिकट द्रवाने भरलेली एक नळी आहे. कुठल्याही जिवाचा स्नायू हलला, हृदयाचा ठोका पडला, की अतिशय क्षीण वीज तयार होते. या नळ्या ती टिपतात. वाळूत पुरून बसलेला मासाही त्यातून सुटत नाही. शरीराच्या दोन्ही कडांनी एक रेषा जाते, ती पाण्यातली थरथर टिपते. वास तर दूरवरून लागतोच. डोळेही चांगले असतात, पण आपल्या खाडीत ते उपयोगाचे कितीसे? कोकणातल्या खाडीत भर दुपारीही हातभर खोलीवरचं दिसत नाही. अशा पाण्यात पाय आपटणारा माणूस आणि जखमी मासा यांची थरथर सारखीच वाटू शकते. शार्कला हात नाहीत. वस्तू काय आहे हे पाहायचं, तर तो तोंडाने पाहतो.

म्हणून जागा आणि वेळ. एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

खाडीच्या तोंडाशी पोहू नये. गढूळ पाण्यात, पावसाळ्यात तर मुळीच नाही. पहाट आणि तिन्हीसांज हा शिकारीचा वेळ आहे, तेव्हा पाण्याबाहेर राहावं. जिथे जाळी लावली आहेत, जिथे मासळी साफ करून आतडी पाण्यात टाकतात, त्या जागेपासून लांब. हे दृश्य पाहा. पक्षी एकाच जागी सूर मारतायत, लहान मासळी पाण्याबाहेर उड्या मारतेय. खालून कुणीतरी तिला वर रेटतंय. तो शार्कच असेल असं नाही, सुरमईसुद्धा असेल. पण तिथे जेवण चाललंय, आपलं काम नाही. अंगावर ताजी जखम असेल तर थांबावं. चमकणारी साखळी, पैंजण काढून ठेवावं, गढूळ पाण्यात ते माशाच्या खवल्यासारखं चकाकतं. आणि शार्क दिसलाच तर हातपाय आपटू नयेत. त्याच्याकडे तोंड ठेवून, नजर न हटवता, शांतपणे किनाऱ्याकडे सरकावं. चावा बसलाच तर माणसाला पाण्याबाहेर काढून, जखमेवर कापड घट्ट दाबून धरावं आणि 108 ला फोन करावा. दाब सोडून सारखं उघडून बघू नये.

(दृश्य : ड्रोन. उभा किनारा. लाटांच्या पांढऱ्या रेघा, मधे एक गडद पट्टा.)

हा गडद पट्टा नीट पाहून ठेवा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, मधे फुटत नाहीत. नवख्या माणसाला वाटतं, ही जागा शांत आहे, इथेच उतरू. नेमकी तीच ओढ आहे. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जाण्यासाठी वाट शोधतं, आणि अशा अरुंद जागेतून जोराने आत जातं. खडकांच्या कडेला, खाडीच्या तोंडाशी ती हमखास असते. मुरूडला 2016 साली 14 विद्यार्थी गेले, मालवणच्या वायरीला 2017 साली 8. शार्कचा त्यात काही संबंध नव्हता.

ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहणारा दमतो, आणि दमलेला बुडतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा, मग लाटांबरोबर तिरके परत या. ताकद नसेल तर पाठीवर तरंगा आणि एक हात वर करा. बाहेर उभ्या असलेल्याने मागोमाग उडी घेऊ नये. झाकण लावलेला रिकामा कॅन, बोया, दोर, जे तरंगेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला किंवा जवळच्या होडीवाल्याला हाक मारावी.

उतरण्याआधी वेळ विचारा. इथे मोबाईलच्या आधीपासून हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ढोबळ आहे, पण उपयोगाचा. ओहोटी लागली की पाणी आत ओढायला लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ही ओढ सर्वांत जास्त, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, सर्वांत कमी. दांडीवरच्या कुठल्याही रापणकराला विचारा, तो आकाशाकडे न बघता सांगेल.

(दृश्य : उथळ पाणी. वाळूत दडलेलं पाकट. फक्त डोळे दिसतात.)

आणि शेवटी हे. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याच्या पायाखाली येतं ते पाकट. शार्कचंच नातलग, अंगावर धावून येत नाही. पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत चाला. थरथर लागली की ते आपणहून निघून जातं. काटा लागलाच तर जखम धुवा आणि सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवा. उष्णतेने त्या विषाचा जोर ओसरतो. पण काटा आत रुतून बसला असेल तर उपटू नका, थेट दवाखान्यात जा. छातीला किंवा पोटाला लागला असेल, तर तासभर थांबायचं नाही, लगेच 108.