दोन पदव्यांचं गुपित

नमस्कार श्रोतेहो. आज एका इतिहासकाराची गोष्ट सांगतो. नाव एसा ब्रिग्ज. जन्म 1921 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातल्या कीथली गावचा. लोकरीच्या गिरण्यांचं गाव. आकाशवाणीवरून या माणसाबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं, कारण ब्रिटनमधल्या नभोवाणीचा पाच खंडांचा इतिहास यांनीच लिहिला. पहिला खंड आला 1961 साली, पाचवा 1995 साली. चौतीस वर्षं!

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची, विद्यार्थिदशेतली गोष्ट.

एसा केंब्रिजला सिडनी ससेक्स कॉलेजात इतिहास शिकत होता. दुसरं महायुद्ध पेटलेलं. त्यामुळे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने आपलं बिऱ्हाड हलवलं, तेही केंब्रिजलाच. ही तीच संस्था, जिथे अभ्यास करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली होती. म्हणजे बघा, राज्यशास्त्राचे लास्की, अर्थशास्त्राचे हायेक यांच्यासारखे नामवंत प्राध्यापक आपणहून दाराशी आलेले. एसाने काय करावं? त्याने लंडन विद्यापीठाच्या बीएस्सी इकॉनॉमिक्सला बहिस्थ विद्यार्थी म्हणून नाव घातलं. आणि आपल्या कॉलेजात कुणाला पत्ता लागू दिला नाही. इकडे केंब्रिजचा इतिहास, तिकडे लंडनचं अर्थशास्त्र, आणि तोंडातून अवाक्षर नाही. 1941 साली दोन्हीकडचे निकाल लागले. इतिहासात पहिला वर्ग. अर्थशास्त्रातही पहिला वर्ग. पुन्हा सांगतो, एकाच वर्षी, दोन विद्यापीठांत, दोन्हीकडे पहिला वर्ग. तेव्हा वय होतं अवघं वीस.

आता, बहिस्थ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. लंडन विद्यापीठाने 1858 पासूनच ही सोय केली होती. शिका कुठेही, परीक्षा मात्र आमची द्या. आपलं 1857 चं मुंबई विद्यापीठही लंडनच्याच साच्यातलं, सुरुवातीला मुख्यतः परीक्षा घेणारं. तरीही आपल्याकडे 'बाहेरून केलंय' हे किती हलक्या सुरात म्हणतात! मला ते मुळीच पटत नाही. माझ्या आईने चाळिशीनंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए केलं. कणीक मळून झाली की ओट्याशी उभ्यानेच ती स्वाध्याय लिहायची. तिच्या इतिहासाच्या वहीत एका पानावर हळदीच्या बोटाचा ठसा अजून आहे. त्या पदवीला दुय्यम म्हणणाऱ्याशी मी आजही भांडतो.

असो. एसाकडे वळू. गुपित पोटात ठेवायची त्याची सवय पुढे कामी आली. युद्धात तो ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या गुप्त केंद्रात, 'हट 6' नावाच्या विभागात, जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश उकलणाऱ्यांत होता. हे त्याने पत्नीलाही सत्तरच्या दशकापर्यंत सांगितलं नाही. आईवडील तर आपल्या मुलाने युद्धात काय केलं हे न कळताच गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो. लीड्सला प्राध्यापकी, व्हिक्टोरियाच्या काळातली माणसं आणि शहरं यांवरची पुस्तकं. मँचेस्टर, बर्मिंगहॅमसारख्या शहरांचा इतिहास त्याने नगरपालिका, गटारं, पाणीपुरवठा यांच्यासकट लिहिला. आपल्याकडच्या नगरपालिकांची जुनी दप्तरं वाळवीच्या तोंडी जातात, तेव्हा माझा जीव तुटतो. ती दप्तरं जपली पाहिजेत, हे मी या माइकवरून पूर्वीही बोललोय, पुढेही बोलेन.

1961 साली ब्रायटनजवळ ससेक्स विद्यापीठ निघालं, तिथे ब्रिग्ज पहिल्यापासून होते. ज्ञानाचा नकाशाच नव्याने काढायचा, हा त्यांचा ध्यास. इतिहासवाला इतिहासातच कोंडलेला राहू नये, म्हणून तिथे वेगवेगळ्या विषयांना एका छपराखाली आणलं. 1967 ते 1976 ते तिथले कुलगुरू होते.

याच काळात ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ, ओपन युनिव्हर्सिटी, आकाराला येत होतं. त्याच्या नियोजन समितीवर ब्रिग्ज होते. प्रवेशाला आधीची कुठलीही परीक्षा पास असण्याची अट नाही. 1971 साली शिकवणं सुरू झालं. धडे टपालाने घरी यायचे आणि व्याख्यानं बीबीसीवर लागायची, टीव्हीवर आणि रेडिओवर. ज्या नभोवाणीचा इतिहास ब्रिग्ज लिहीत होते, तिच्यावरच हे वर्ग भरू लागले. आणि 1978 साली या विद्यापीठाने त्यांना कुलपती केलं. एकेकाळच्या त्या बहिस्थ विद्यार्थ्याला. 1994 पर्यंत, तब्बल सोळा वर्षं, ते त्या पदावर होते.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.