नाव पुसलं, वळू राहिला

नमस्कार, श्रोतेहो.

स्पेनमधल्या महामार्गांवर एखाद्या उघड्या टेकडीच्या माथ्यावर एकदम एक काळाभोर वळू दिसतो. मान ताठ, शिंगं उगारलेली. जवळ जावं तर कळतं, अरे, हा तर पत्र्याचा! उंची 14 मीटर, म्हणजे जवळपास चार मजली इमारत. पुढून बोल्टांनी जोडलेले पत्रे, मागून लोखंडी मनोऱ्यांचा टेकू. वजन साधारण 4 टन. अंगावर एक अक्षरही लिहिलेलं नाही. असे सुमारे 90 वळू आज स्पेनभर उभे आहेत.

मुळात ही ब्रँडीची जाहिरात. दक्षिण स्पेनमध्ये कादिझजवळ एल पुएर्तो दे सांता मारिया नावाचं गाव आहे, शेरी वाइनसाठी नावाजलेलं. तिथल्या ऑस्बोर्न कंपनीला आपल्या 'वेतेरानो' ब्रँडीसाठी रस्त्याकडेला फलक हवे होते. 1956 मध्ये ते काम आलं मानोलो प्रिएतो या चित्रकाराकडे. तोही त्याच गावचा. त्यानं बाटली काढली नाही, पेला काढला नाही. नुसती वळूची आकृती काढली. पहिले फलक लाकडी होते आणि बरेच लहान. ऊन-पावसात लाकूड टिकेना, म्हणून पत्रा आला. मग नियम आला की जाहिराती रस्त्यापासून लांब हव्यात. लांबून दिसायला हवा, म्हणून वळू मोठा झाला. आजची 14 मीटर उंची ही त्या नियमाची देणगी.

1988 च्या कायद्यानं महामार्गांवरून दिसणाऱ्या जाहिरातींवर बंदी आली. कंपनीनं वळूच्या अंगावरचं नाव पुसून तो पूर्ण काळा रंगवला. 1994 मध्ये सरकारनं आणखी कडक नियम केले, आता वळू उतरवावेच लागणार अशी वेळ आली, तेव्हा लोक खवळले. दक्षिणेकडच्या अंदालुसिया प्रांताचं सरकारही वळूच्या बाजूनं उभं राहिलं. अखेर डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही आकृती आपला मूळ जाहिरातीचा हेतू ओलांडून पुढे गेली आहे, ती आता निसर्गदृश्याचा भाग झाली आहे. रस्त्यानं जाणाऱ्यांच्या नजरेला तिथं वजन मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वळू त्या मातीत जुनाच आहे. आविला प्रांतात गिसांदोला ग्रॅनाइटचे चार बैल ओळीनं उभे आहेत, रोमन लोक येण्याआधीच्या काळातले. स्पॅनिश चित्रकार गोयानं 1816 मध्ये बुलफाइटवर चित्रमालिका प्रसिद्ध केली. पिकासोच्या 1937 च्या 'गेर्निका' या चित्रातही डाव्या बाजूला बैल आहेच.

पण सगळ्यांचा झालेला वळू वादातून कसा सुटेल? फुटबॉलच्या सामन्यांत प्रेक्षक राष्ट्रध्वजावर राजचिन्हाच्या जागी हाच वळू छापून नाचवतात. ईशान्येकडच्या कातालोनिया प्रांतात अनेकांना तो माद्रिदच्या सत्तेचं चिन्ह वाटतो. तिथं वळूला उत्तर म्हणून मोटारींच्या मागे कातालान गाढवाची स्टिकरं लागली, आणि एल ब्रुकजवळचा वळू 2007 मध्ये पाडण्यात आला. बुलफाइटचा प्रश्न तर आणखी नाजूक. कॅनरी बेटांनी ती 1991 मध्येच थांबवली. कातालोनियाच्या संसदेनं 2010 मध्ये बंदी मंजूर केली, ती 2016 मध्ये घटनात्मक न्यायालयानं रद्द ठरवली.

रिंगणात तलवारीनं जनावर मारणं मला पटत नाही, त्याला परंपरा म्हटलं तरी. प्रिएतोच्या चित्रात मात्र ना माणूस आहे, ना तलवार, ना लाल कापड. झुंजीचे वळू रिंगणात येण्याआधी चारेक वर्षं ओकवृक्षांच्या मोकळ्या कुरणांत चरतात. हा वळू मला तिथला वाटतो, आणि म्हणूनच तो आवडतो.

प्रिएतो पोस्टरं करायचा, पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवायचा, पदकंही घडवायचा. जग त्याला ओळखतं ते एका वळूमुळे. 1991 मध्ये तो गेला. तोवर वळूंवरचं कंपनीचं नाव पुसलं गेलं होतं, आणि ते टेकडीवर राहणार की नाही याचा निकाल लागायला अजून सहा वर्षं होती.

नमस्कार.