रिकामी यादी आणि जुनं टूल
(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या रांगेत कूलरच्या आवाजामुळे ऐकू येत नसेल तर हात वर करा. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही, मीच आवाज चढवतो.

विषय पत्रिकेत छापलाय तोच आहे: वेबहूकांची यादी देणारं एपीआय टूल जुनं झालं, तर एआय एजंटसाठी, म्हणजे भाषा-मॉडेलच्या जोरावर स्वतःच टूलं वापरून काम करणाऱ्या प्रोग्रामसाठी, त्याचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं. वेबहूक म्हणजे काही घडलं की एका सिस्टिमने दुसरीच्या यूआरएलवर आपणहून पाठवलेला निरोप, याहून जास्त या सभागृहात सांगत नाही. नाहीतर अर्धे लोक चहाला जातील. माझं म्हणणं एवढंच आहे की एजंट टूलचं वर्णन वाचतो आणि टूलचं उत्तर वाचतो. तिसरीकडे लिहिलेलं त्याच्यापर्यंत पोचेलच याची खात्री धरू नका.

आता तक्रार. आपल्याकडे टूल जुनं झालं की कोणीतरी ओपनएपीआयच्या, म्हणजे एपीआयचं वर्णन असलेल्या, फाइलमध्ये ‘डेप्रिकेटेड: ट्रू’ (आता वापरू नका) लिहितो आणि घरी जातो. त्या फाइलवरून बनणाऱ्या स्वॅगरच्या पानावर त्या ओळीवर काट बसते, माणसाला ती दिसते. मॉडेलला काट दिसत नाही. एमसीपीमध्ये, म्हणजे एजंटला टूलं जोडण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, सर्व्हर टूलांची यादी देतो तेव्हा मॉडेलसमोर मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (आराखडा) एवढंच जातं. तुमचा तो ‘ट्रू’ वाटेतच गळतो.

कोणी म्हणेल, हेडर आहेत ना, एचटीटीपी उत्तराच्या मजकुराआधी येणाऱ्या माहितीच्या ओळी! आहेत, आणि चांगले आहेत. इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज म्हणजे आरएफसी; २०१९च्या आरएफसी ८५९४ने ‘सनसेट’ (कधी बंद होणार) हेडर दिला, २०२५च्या आरएफसी ९७४५ने ‘डेप्रिकेशन’ (कधीपासून कालबाह्य). गंमत बघा, दोन्हीत तारीखच असते, पण सनसेटमध्ये ती वार-महिन्यासकट लिहायची आणि डेप्रिकेशनमध्ये ‘ॲट’च्या चिन्हापुढे १९७० पासूनचे सेकंद. समितीत बसणाऱ्यांनाही विरंगुळा हवा. पण मुद्दा तो नाही. हेडर वाचते एचटीटीपी लायब्ररी. एपीआय आणि मॉडेल यांच्या मधला आपला कोड, म्हणजे रॅपर, उत्तरातली फक्त बॉडी (मुख्य मजकूर) उचलून मॉडेलला देतो. हेडर तिथेच संपला. तो पोचवायचा असेल तर रॅपरने त्यातला मजकूर उत्तरात घालायला हवा.

गणेशपेठच्या एसटी स्टँडवर फलाटाची पाटी जुनी असली तरी आपलं अडत नाही. “भाऊ, अमरावती कुठून लागते?” असं शेजारच्याला विचारतो. एजंटला शेजारचा नसतो. पाटी म्हणेल त्या फलाटावर तो उभा राहतो, आणि गाडी आली नाही तर अमरावतीला गाडीच नाही असं तुम्हाला लिहून देतो.

हे नेमकं कसं घडतं ते बघा. एजंटला काम दिलं: ऑर्डरसाठी वेबहूक नसेल तर तयार कर. तो जुन्या ‘लिस्ट-वेबहूक्स’ला हाक मारतो. मागचा डेटा नव्या सबस्क्रिप्शनच्या (वेबहूकांचंच नवं नाव) टेबलात गेलेला, जुनं टेबल रिकामं, पण कोड जिवंत. उत्तर येतं २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, आत रिकामी यादी. एजंट म्हणतो, वेबहूक नाही, आणि बनवतो. आता एकाच यूआरएलवर दोन सबस्क्रिप्शन झाली, प्रत्येक ऑर्डर दोनदा येऊ लागली. घेणारा डिलिव्हरी-आयडीवरून डुप्लिकेट ओळखत असेल तर तोही फसतो, कारण दोन्ही डिलिव्हरींचे आयडी वेगळे असतात. इव्हेंटच्या आयडीवरूनच ते सापडेल. एजंट पुन्हा चालला की तिसरं सबस्क्रिप्शन. शिवाय यादी मागणं हे ‘फक्त वाचन’, म्हणून बऱ्याचदा परवानगी न विचारताच चालू दिलं जातं. मधे माणूस नाहीच.

अर्धी यादीही तितकीच वाईट. गिटहबवर रिपॉझिटरीचे वेबहूक मागा, आकडा न सांगता एका वेळी फार तर ३० मिळतात, एका पानावर जास्तीत जास्त १००. पुढच्या पानाचा पत्ता ‘लिंक’ हेडरमध्ये. पुन्हा हेडर! एजंट ३० बघतो आणि सगळे आले समजतो.

म्हणून बंद टूलने रिकामी यादी कधीच देऊ नये. एरर द्यावी, तीही टूलच्या उत्तरात ‘इझ-एरर’ लावून, म्हणजे मजकूर मॉडेलला दिसतो. एचटीटीपीच्या पातळीवर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, नको. ४०४ दिसलं की एजंट आयडी चुकला असेल म्हणून बदलून बदलून बघतो. ४१० द्या, म्हणजे ‘कायमचं गेलं’. मजकूर साधारण असा: “हे टूल ३१ मार्च २०२६ रोजी बंद झाले. यावरून वेबहूक नाहीत असा अर्थ काढू नका. लिस्ट-सबस्क्रिप्शन्स वापरा. अकाउंट-आयडी तोच, पेजऐवजी कर्सर (पुढचा भाग कुठून हवा याची खूण), पहिल्या वेळी तो देऊ नका.” तारखेला वर्ष हवं, आणि ‘बंद झाले’ हेही हवं, कारण आज कोणती तारीख आहे हे मॉडेलला ठाऊक असेलच असं नाही. ‘लवकरच बंद होईल’ याला तर अर्थच नाही.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. खरा विषय आत्ता कुठे सुरू होतोय, पण असो, भराभर सांगतो.

वर्णन. टूल बंद व्हायच्या आधीच पहिल्या वाक्यात स्थिती आणि पर्याय लिहा, बाकीचं कापा. जुन्याचं वर्णन वर्षानुवर्षं वाढलेलं असतं, नव्याचं दोन ओळींचं, आणि मॉडेल भरघोस वर्णनाकडे झुकतं. शिवाय ते प्रत्येक संभाषणात टोकन खातं, म्हणजे मॉडेलची वाचायची जागा अडवतं. ‘कृपया टाळा’ नको. जुनं कुठल्या एका कामाला अजून लागत असेल तर ते काम नाव घेऊन लिहा.

फील्डांची जुळणी. जुन्यात ‘ॲक्टिव्ह’ खरं-खोटं होतं. नव्यात ‘स्टेटस’च्या तीन किमती असतील, तर वापरकर्त्याने थांबवलेलं आणि डिलिव्हरी फसत राहिल्याने बंद पडलेलं यातला फरक सांगा, नाहीतर एजंट दोन्ही चालू करून ठेवेल. सीक्रेटबद्दल, म्हणजे निरोपावर सही करायच्या गुप्त किल्लीबद्दल, एक ओळ हवीच: यादीत ते चांदण्यांनी (***) झाकून येतं. हे लिहिलं नाही तर एजंट त्या चांदण्याच सीक्रेट म्हणून नव्या वेबहूकात उतरवतो, आणि मग घेणाऱ्याकडे एकही सही जुळत नाही.

क्रम. आधी वर्णन बदला. मग टूल यादीतून काढा, यादी बदलल्याची सूचना क्लायंटला पाठवा, पण हाकेला उत्तर देणं चालू ठेवा; जतन केलेल्या प्रॉम्प्टमध्ये जुनं नाव बसलेलं असतं. तपासताना दोन्ही टूलं समोर ठेवून एजंटला साध्या भाषेत काम द्या, टूलचं नाव न घेता. जुनं निवडलं तर वर्णन पुन्हा लिहा.

आणि बंद टूलचं ते एरर-उत्तर किती दिवस ठेवायचं, हे चहाच्या वेळी कोणीतरी विचारेलच, म्हणून आत्ताच सांगतो: कॅलेंडर बघू नका, लॉग बघा. महिन्याअखेरीस एकदाच चालणारी कामं असतात, तेव्हा एक महिनाअखेर एकही हाक न येता गेली, की मग तो कोड काढा.