नाशिकची लोगन: जुनी गाडी घेताना

(दृश्य: रॅम्पवर चढवलेली गाडी, खालून हातदिव्याचा उजेड)

महिंद्रा-रेनॉची लोगन ही सेडान जुनी घेत असाल, तर गाडी वर उचलली की पहिली नजर डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला टाका. अ‍ॅक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो, तिथे हा काळा रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचं घड्यांचं आवरण, आहे. बऱ्याच गाड्यांत हा फाटला तर फक्त ग्रीस उडतं. लोगनमध्ये मात्र गिअरबॉक्सचं ऑइल याच रबराने अडवून धरलेलं असतं. बूट चिरला की ऑइल थेंब थेंब गळतं, गाडी चालत राहते, आणि मालकाला कळतं तोवर आतलं बेअरिंग गुणगुणायला लागलेलं असतं. म्हणून घडीघडीतून बोट फिरवायचं. हे पाहा, बोट काळं निघालं. या गाडीचं ऑइल किती उरलंय ते बघितल्याशिवाय भावाची गोष्टच काढायची नाही.

(दृश्य: पुढची जाळी, तिच्यावरचा हिरा)

जाळीवरचा हिऱ्याच्या आकाराचा बिल्ला फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचा, गाडी मात्र नाशिकची. महिंद्राचे ५१ टक्के आणि रेनॉचे ४९ टक्के अशा भागीदारीत, २००७ साली, महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून लोगन बाजारात आली. मूळ आराखडा रोमानियातल्या दाचिया कंपनीचा, २००४ सालचा. स्वस्त आणि टिकाऊ, एवढं एकच लक्ष्य धरून आखलेली गाडी. तिचे बाहेरचे आरसे पाहा: डावा आणि उजवा एकाच घाटाचे, एकमेकांच्या जागी बसणारे, म्हणजे दोन वेगळे साचे लागत नाहीत. पुढची काच कमी वळणाची, डॅशबोर्ड एकाच तुकड्यात ओतलेला. डिकी ५१० लिटरची, आणि मागच्या सीटवर तिघं खरोखर मांडीला मांडी न घासता बसतात. इतकं पोटभर देणारी सेडान त्या किमतीत दुसरी नव्हती, हे आजही ठामपणे सांगता येतं.

अडलं ते लांबीवर. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत होती. लोगन सव्वाचार मीटरच्या आसपास, त्यामुळे तिला पूर्ण शुल्क पडलं आणि विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. २०१० मध्ये रेनॉचा हिस्सा महिंद्राने घेतला. २०११ मध्ये तीच गाडी ‘व्हेरिटो’ झाली. इंजिन-गिअरबॉक्सचा पुरवठा रेनॉकडून चालूच राहिला. पुढे २०१३ मध्ये मागून कापून चार मीटरच्या आत बसवलेली ‘व्हेरिटो व्हाइब’ही आली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, लागू झाले, तेव्हा पेट्रोल-डिझेल व्हेरिटोचा विषय संपला.

(दृश्य: बॉनेट उघडं, टायमिंग कव्हर सोडवणारे हात)

जुनी गाडी घेताना या भागीदारीचा फायदा इथे, बॉनेटखाली दिसतो. डिझेलचं हे १४६१ सीसीचं इंजिन, कारखान्यातलं नाव के-नाइन-के. हीच जात पुढे डस्टरमध्ये आली, निसानच्या सनीमध्येही आली. म्हणून बरेच पार्ट अजून मिळतात. पण इंजिन एक म्हणून इंजेक्टरही (इंजिनात डिझेल फवारणारे) एकच, असं धरून चालू नका. लोगनचं इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं, डस्टरमध्ये ८५ आणि ११०. दुकानात गाडीचं नाव सांगू नका, जुन्या पार्टवरचा नंबर दाखवा.

या इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप टायमिंग बेल्टवर चालते, चेनवर नाही. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. बेल्ट बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल, तर तो बदललेला नाही असं समजायचं आणि बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप यांचा एकत्र खर्च किमतीतून वजा करायचा.

दुसरी जागा डिझेल फिल्टर. त्यातलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओता आणि उन्हात धरा. तळाशी अशी चमचमती कणी दिसली, तर हाय-प्रेशर पंप आतून झिजतोय. ती कणी पुढे रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) आणि चारही इंजेक्टरपर्यंत जाते, म्हणून एकटा पंप बदलून भागत नाही. अशी गाडी सोडून द्यावी.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सुरू करू देऊ नका. थंड इंजिन सुरू होताना आणि मग गरम झाल्यावरही खालून ठकठक येते का ते ऐका. ती बिग-एंड बेअरिंगची, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडतो तिथल्या बेअरिंगची, असू शकते. या इंजिनाची बेअरिंग लांबलेल्या ऑइल बदलाने जातात.

(दृश्य: मागची नंबरप्लेट)

यातल्या पुष्कळ गाड्या टॅक्सीत धावल्या. पांढऱ्या प्लेटच्या कडेला पिवळा रंग, वेग आवरणाऱ्या स्पीड गव्हर्नरची कापलेली वायर, किलोमीटर कमी पण क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, ही त्याची खूण. साध्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग नाहीत, हेही पाहून घ्या.

(दृश्य: चेसिस नंबरवर कागद ठेवून फिरणारी पेन्सिल)

शेवटी कागद. खासगी गाडीचं पहिलं पासिंग १५ वर्षांचं. नंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासून, ५-५ वर्षांनी नूतनीकरण. पहिल्या वर्षांतल्या लोगनची ती मुदत २०२२ मध्येच संपली, तेव्हा नूतनीकरण झालेलं आरसी हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. चेसिस नंबराची पेन्सिल-छाप घ्या, आणि एकेक आकडा आरसीशी ताडून पाहा.