बार किती भरायचा? कोलोरॅडोतलं अस्वल आणि ठासणीची बंदूक

(दृश्य : खुरट्या ओकच्या जाळीनं भरलेला डोंगरउतार. सकाळचं कोवळं ऊन.)

सप्टेंबर महिना. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या उतारांवर अस्वलांची खाण्याची घाई चालू आहे. नाव काळं अस्वल, पण इथली बरीचशी तपकिरी, काही तर दालचिनीच्या रंगाची. थंडीतल्या लांब झोपेआधी ती दिवसाचे वीस-वीस तास खातात आणि 20,000 कॅलरीपर्यंत पोटात घालतात. ओकची फळं, रानबेरी, मिळेल ते. कातडीखाली चरबीचा थर चढत जातो, वर केस दाट होत जातात.

ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीत, काय आणि किती भरायचं, हे ठरवताना आधी ही चरबी आणि हे केस लक्षात घ्यावे लागतात. गोळी आत शिरली की सैल कातडी सरकते, चरबी भोक बुजवते आणि जे थोडं रक्त बाहेर येतं ते केस टिपून घेतात. हरणाच्या मागावर जसे लाल थेंब सापडत जातात तसे इथे सापडत नाहीत. त्यातून ओकची जाळी अशी दाट, की चार पावलांवरचं दिसत नाही. म्हणून जाणता शिकारी असा बार भरतो, की गोळी एका बाजूनं शिरेल आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडेल. दोन भोकं हवीत. जखमी जनावर जाळीत हरवणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट शिकारीत दुसरी नाही.

(दृश्य : टेबलावर बंदूक, शेजारी शिशाच्या दोन गोळ्या. एक गोल, एक लांबट.)

कोलोरॅडोचे नियम कडक आहेत. 1992 साली इथल्या मतदारांनी कौल देऊन अस्वलाची वसंतातली शिकार, आमिष लावून केलेली शिकार आणि कुत्र्यांच्या मदतीनं केलेली शिकार बंद केली. ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सप्टेंबरात असतो. त्यात दुर्बीण चालत नाही, नेम धरायला नळीवरची उघडी माशी आणि खाच एवढंच. बंदुकीच्या दारूच्या तयार गोट्या चालत नाहीत, सुटी दारू मोजून घालायची. प्लॅस्टिकच्या वेष्टणातली बारीक गोळीही चालत नाही. राहिल्या या दोनच, गोल आणि लांबट.

गोल गोळी दिसायला साधी, पण तिचं गणित कठोर आहे. .50 कॅलिबरची (नळीचा व्यास सुमारे अर्धा इंच) गोल गोळी साधारण 177 ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. .54 ची सुमारे 225 ग्रेन, साडेचौदा ग्रॅम. व्यास एक मिलिमीटरनं वाढला आणि वजन पावपट वाढलं, कारण गोलाचं वजन व्यासाच्या घनानं वाढतं. मात्र हवेत गोल गोळी फार लवकर दमते. 100 यार्डांपर्यंत तिची निम्म्याहून जास्त ऊर्जा संपलेली असते. दारू वाढवून तिला जादा वेग दिला, तरी त्यातला बराचसा वाटेतच जातो.

.50 ची लांबट गोळी 370 ग्रेनच्या आसपास असते, गोल गोळीच्या दुपटीहून जड. निघते सावकाश, पण मांसात आणि हाडात खोलवर जात राहते. अस्वलासाठी माझं मत स्पष्टपणे हिच्याच बाजूनं आहे. अट एकच, नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळाच्या खाचा, तिला साजेसे हवेत. 48 इंचांत एक फेरा किंवा त्याहून घट्ट पीळ असेल तर ती स्थिर जाते. 66 इंचांत एक फेरा असलेली जुन्या वळणाची नळी गोल गोळीसाठीच बनवलेली असते. अशी नळी असेल तर .54 ची गोल गोळी घ्यावी आणि 50 यार्डांपुढं चाप ओढू नये.

आता दारू. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. जास्त दारू म्हणजे जास्त मार, असा समज असतो. प्रत्यक्षात एका मर्यादेनंतर वेग थोडाच वाढतो. धक्का, धूर आणि काजळी मात्र भरपूर वाढते, आणि नेमही विस्कटतो. बंदुकीसोबत आलेल्या पुस्तिकेतला कमाल आकडा ही शेवटची रेघ. काळ्या दारूऐवजी पर्यायी दारू वापरायची तर तीही मापानं मोजायची, वजनानं नाही. आधुनिक बिनधुराची दारू या बंदुकीत कधीच घालायची नाही; नळी फुटते आणि सोबत हात-डोळे जातात.

(दृश्य : चांदमारीचं मैदान. गवतातून कापडाच्या चकत्या वेचणारा हात.)

गोल गोळी वापरणाऱ्यानं निशाणाच्या कागदाआधी गवतातल्या या चकत्या पाहाव्यात. गोळीभोवती तेल लावलेली सुती चकती असते, बार उडाला की ती काही पावलांवर पडते. मधोमध गोलसर काळा डाग, कडेला आट्यांच्या रेघा, कापड अजून शाबूत, तर बार जमला. मध्ये जळून भोक पडलं असेल, तर कापड पातळ आहे किंवा तेल कमी पडलं. कापल्यासारख्या चिरा असतील तर नळीच्या तोंडाची धार बोथट करून घ्यायला हवी. सुरुवात कमी दारूनं करायची आणि पाच-पाच ग्रेननं चढत जायचं. दर बारानंतर नळी ओलसर फडक्यानं पुसायची, कारण जंगलातला तो एकच बार स्वच्छ आणि थंड नळीतून जाणार असतो. तीन गोळ्या जिथं सर्वांत जवळ-जवळ बसतील, ते माप आपलं.

गोळी दारूवर घट्ट बसलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून भरलेल्या नळीत गज (ठासायची सळी) जिथपर्यंत बाहेर राहतो, तिथं त्यावर खूण करून ठेवतात आणि प्रत्येक वेळी ती पाहतात.

आपल्या कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी घरं आजही आहेत, त्यामुळं ठासणं, गज, बार हे सारं आपल्या कानाला नवं नाही. पण मेळघाटातलं आणि ताडोबातलं अस्वल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पूर्ण संरक्षित आहे. इथलं हे सगळं वर्णन कोलोरॅडोतल्या परवानाधारक शिकारीचंच आहे. तिथंही पिल्लं सोबत असलेल्या मादीवर बंदूक उचलता येत नाही, आणि मारलेलं अस्वल कामकाजाच्या पाच दिवसांत वन्यजीव खात्याला दाखवावं लागतं. वय कळावं म्हणून खात्याचे लोक त्याचा एक दातही काढून घेतात.

(दृश्य : जाळीच्या कडेला आडवं उभं अस्वल, दुरून.)

अस्वलाचे केस पोटाखाली लोंबतात, म्हणून अंग आहे त्यापेक्षा खोल दिसतं. केसांच्या अंदाजानं नेम धरला तर गोळी खालून निघून जाते. जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं व्हावं, जवळचा पुढचा पाय पुढं पडावा आणि खांद्यामागं फुप्फुसांची जागा मोकळी व्हावी, एवढी वाट पाहायची. समोरून तोंड करून उभं असेल तर थांबायचं, मग ते निघून गेलं तरी चालेल.

दिवस मावळला आणि बार उडालाच नाही, तर गाडीत बसण्याआधी बंदुकीवरची टोपी, म्हणजे दारू पेटवणारी छोटी कॅप, काढायची, हा तिथला नियम आहे. डोंगरातली थंडी आणि गाडीतली ऊब यांच्यामध्ये नळीला आतून दव धरतं आणि काळी दारू ओल ओढून घेते. त्यामुळं काळजी घेणारे शिकारी सुरक्षित जागी बार मोकळा करतात, रात्री नळी धुऊन कोरडी करतात आणि सकाळी तेच माप पुन्हा नव्यानं भरतात.