मोटार ठीक आहे, नळ्या बघा

मंडळी, मला विषय दिलाय व्यायाम आणि हृदय. मी मात्र सुरुवात पोटरीपासून करणार आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या वावरात केळी आहे, म्हणजे ठिबक समजावून सांगायला नको. शेवटच्या ओळीतली खोडं वाळायला लागली तर आपण आधी काय बघतो? नळ्या. क्षाराने ड्रिपर चोक झाले असतील तर ॲसिड सोडतो. मोटार विहिरीतून काढून कुणी रिवायंडिंगला नेत नाही. नेली असेल कुणी तर हात वर करा! नाही ना?

आता आमच्या आप्पांची, माझ्या थोरल्या भावाची हकीकत ऐका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात त्यांना हृदयाचा झटका आला, रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे जाळी बसली, जीव वाचला. त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर मानीन. पण घरी येताना जो कागद मिळाला, त्यावर गोळ्यांच्या नऊ ओळी, पथ्याच्या सहा आणि हालचालीबद्दल एकच शब्द: विश्रांती. किती दिवस, ते नाही. माझी तक्रार त्या एका शब्दाबद्दल आहे आणि ती मी दर व्याख्यानात करतो.

घराने तो शब्द वेदवाक्य मानला. तांब्या खाटेवर, ताट खाटेवर. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "आप्पा, उठू नका." पोळ्याला ते बैलांना पुरणपोळी द्यायला ओट्याखाली उतरले. परत चढताना तीन पायऱ्या होत्या, तीनच. दुसऱ्या पायरीवर खांब धरून उभे राहिले, बोलवेना. मी धोतराचा सोगा सावरायला वाकलो आणि त्यांची पोटरी दिसली. आयुष्यभर घड वाहिलेल्या माणसाची पोटरी माझ्या मनगटाएवढी झाली होती.

तसेच जळगावला नेलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयाचं पंपिंग चांगलं निघालं. मग दम का लागतो? पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस मी. त्या रात्री पुस्तकं घेऊन बसलो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. ज्यासाठी बोलावलंत ते आता भरभर सांगतो. मोटार म्हणजे हृदय, ती ठीक होती. बिघडल्या होत्या त्या नळ्या, म्हणजे पायांच्या स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फेकतं, जोराच्या श्रमात निरोगी तरुणाचं 20 लिटरच्या घरात जातं. 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 20 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. बसून असताना शरीर त्यातला चौथा हिस्साच उचलतं, बाकीचा तसाच परत जातो. श्रमात मात्र सरावलेला स्नायू चारातल्या तीन हिश्श्यांहून जास्त ओढून घेतो. कोपनहेगनचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांना 1920 सालचं नोबेल मिळालं ते केशवाहिन्यांवरच्या, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांवरच्या, कामासाठी. स्नायू कामाला लागला की त्या कशा उघडतात, हे त्यांनी दाखवलं. रोज चाललं की स्नायूच्या तंतूंभोवती केशवाहिन्या वाढतात आणि आत ऑक्सिजन वापरणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढतात. म्हणजे नळ्याही वाढल्या आणि मुळंही. तेवढ्याच रक्तात जास्त काम होतं, हृदयावरचा ताण उतरतो. शिवाय प्रत्येक ठोक्याला रक्त जास्त फेकलं जातं. नाडी 72 वरून 60 वर आली तर दिवसाला 17 हजारांवर ठोके वाचले, हिशेब करून बघा. चालताना पोटरी आवळते, ती खालचं रक्त वर ढकलते, तीही हृदयाला मदतच.

मग आप्पांना चालायला लावलं. पहिल्या दिवशी निंबापर्यंत गेले, ऐंशी पावलं. दिवाळीला विहिरीपर्यंत. पुढच्या आखाजीला पुन्हा इको केला, पंपिंगचा आकडा जवळपास तोच! बदलले होते ते पाय. ते दुसऱ्या रांगेत बसलेत. आज या सभागृहाचा जिना कुणाचा हात न धरता चढलेत.

दोन गोष्टी सांगून थांबतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा चालायचं ते ऊन चढायच्या आत. छातीत दाब आला तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. आणि तुमच्या घरात कुणाला स्टेंट बसला, तर दवाखाना सोडण्याआधी विचारा: "कोणत्या दिवसापासून चालायचं, किती पावलं?" आकडा सांगितला की त्याच कागदावर, गोळ्यांच्या खाली, लिहून घ्या.