बाईंचा गळा आणि मिशाळ सुभद्रा

श्रोते हो, नमस्कार.

नाटकाच्या दौऱ्यावर बोला, असं मला आकाशवाणीवरून सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी विचारलं, वेळ किती? म्हणाले, बारा मिनिटं. आता आमच्या दौऱ्यात सहाची बस सुटायलाच पावणेसात व्हायचे. कुणाचा तरी टॉवेल लॉजवर वाळत राहिलेला असायचा. तेव्हा बारा मिनिटांत काय बसेल ते बसवतो.

मी ऑर्गन वाजवतो. संगीत नाटकात ऑर्गनवाला आणि तबलजी रंगमंचाच्या पुढ्यात, खाली बसतात. तोंड नटांकडे, पाठ प्रेक्षकांकडे. त्यामुळे मी उभ्या आयुष्यात प्रेक्षक पाहिले असे नाहीतच. ऐकले. पाठीमागून खोकला आला की कुठल्या गावाला आहोत ते सांगता येईल, इतके ऐकले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी प्रेक्षक पाहिले नाहीत, ऐकले.

ज्या बाईंबरोबर मी सर्वांत जास्त हिंडलो, त्यांचं नाव सांगणार नाही. त्यांना आवडलं नसतं. कंपनीत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत आणि त्या मला ‘मास्तर’. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट बाईंची. काच बंद, गळ्याला मफलर, मे महिन्यातसुद्धा. आणि मांडीवर पाटी. हो, शाळेतली, लाकडी चौकटीची दगडी पाटी. प्रयोगाच्या दिवशी दुपारपर्यंत बाईंचं मौन असे. काय हवं-नको ते पाटीवर लिहायच्या. ‘पाणी गरम.’ ‘खिडकी.’ ‘मॅनेजरना म्हणावं, सुपारी थुंकायची असेल तर खाली उतरा.’ अक्षर मोत्यासारखं.

पूर्वीच्या कंपन्यांचं बरं होतं. 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी एकेका शहरात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकायची. आचारी बरोबर, भांडीकुंडी बरोबर, तबल्याला थिरकवाँसाहेब, सारंगीला कादरबक्ष. बिऱ्हाडच ते. आमच्या काळात रोज नवं गाव. आज कोल्हापूर, उद्या सावंतवाडी, परवा म्हापसा. रात्री दीडला पडदा पडणार, तीनला जेवण, तेही गार, आणि सकाळी पुन्हा बस. ‘नाईट’, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, मिळाली की दौरा बरा, नाही मिळाली की वाईट. कोल्हापूरचं नाव घेतलं म्हणून सांगतो. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024च्या रात्री जळालं. केशवरावांच्या जयंतीची आदली रात्र. तिथल्या रंगपटातल्या आरशासमोर बसून बाईंनी गजरा माळलेला मी पाहिलाय. बातमी ऐकली आणि त्या दिवशी मी घरची पेटीसुद्धा उघडली नाही. असो.

तर गळा. बाईंची सगळी इस्टेट म्हणजे गळा. लोकांना वाटतं, दौऱ्यात गाणाऱ्या बाईला भीती कसली? धूळ, जागरण, गारठा. ते आहेच. पण बाईंना खरी भीती वाटायची ती माया करणाऱ्यांची. पुन्हा सांगतो, माया करणाऱ्यांची. प्रयोग संपला की विंगेत पन्नास माणसं. कुणी शेवंतीचा हार नाकाला लावणार. कुणी म्हणणार, ‘घरी आई अंथरुणाला खिळून आहे, दोन मिनिटं या, एकच पद म्हणा.’ त्या एका पदाची पाच होतात आणि पहाटेचे चार वाजतात. शिवाय खायला घालणारे. बासुंदी, श्रीखंड, चिंचेचं सार. जे जे गळ्याला नको, ते ते प्रेमाने वाढणार. आणि नाही म्हणावं तर ‘बाईंना गर्व झाला’.

मध्यंतरातले सत्कार हा आणखी एक उच्छाद. शाल, श्रीफळ आणि स्थानिक पुढाऱ्याचं वीस मिनिटांचं भाषण. त्यात पहिली दहा मिनिटं ‘मी स्वतः शाळेच्या गॅदरिंगला काय काम केलं होतं’ ते. तापलेला गळा तेवढ्यात गार पडतो हो. माझं स्पष्ट मत आहे, सत्कार करायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना करावा. आणि विषय निघालाय तर ते हल्लीचे गालाला चिकटवायचे माईक. सुभद्रेच्या गालावर काळा मुंगळा बसल्यासारखा दिसतो, आणि पद सुरू व्हायच्या आधी तिचा श्वास ऐकू येतो. आमच्या वेळी पुढे तीन माईक असायचे. त्यांच्याजवळ कधी जायचं आणि लांब कधी व्हायचं, हीसुद्धा गायकीच होती.

हां, तर मला जी गोष्ट सांगायचीय ती 1986 सालची. डिसेंबर. नाटक ‘सौभद्र’. अण्णासाहेब किर्लोस्करांचं, 1882चं. मूळ नाटकात शंभराहून जास्त पदं, आम्ही निवडक घ्यायचो. बाई सुभद्रा. म्हापशाचा प्रयोग झाला आणि दुसऱ्या रात्री फोंडा महालातल्या एका देवळाच्या जत्रेत प्रयोग होता.

आता गोव्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको, त्या वर्षी जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळला होता. बेतीहून पणजीला जायचं तर फेरीबोट. आमची बस तरून गेली. मागून सामानाचा ट्रक होता. त्याला मॅनेजरनी बजावून सांगितलं होतं, तू डिचोलीवरून वळसा घालून ये. पण ड्रायव्हरला पणजी बघायची होती! तो येऊन राहिला बेतीच्या रांगेत. ट्रकात काय? पडदे, कपडेपट आणि माझा ऑर्गन.

आम्ही गावात पोहोचलो. उतरायची सोय एका घरी. आणि बाईंनी पाटी पुढे केली. नेहमीचं मोत्यासारखं अक्षर: ‘मास्तर, गळा बसला.’

गावात बातमी जायला किती वेळ लागतो? तासाभरात ओसरीवर औषधांचा बाजार भरला. ज्येष्ठमध आलं, कंकोळ आलं, खडीसाखर आली, मिरी घातलेलं तूप आलं. एकाने काजूची फेणी आणली. म्हणाला, अर्धी प्यायची, अर्धी गळ्याला चोळायची. आमच्या तबलजीने बाईंच्या वतीने तिचा स्वीकार केला. बाई सगळ्यांना हात जोडत होत्या आणि फक्त गरम पाणी पीत होत्या.

संध्याकाळपर्यंत ट्रक नाही. रात्री पालखी फिरून आली, खाज्यांच्या दुकानांवर बत्त्या लागल्या, साडेअकरा वाजले, तरी ट्रक नाही. शेवटी कपडे गावातून जमवले. जिथे तिथे नाटक करणारी माणसं ती, शेले-मुकुट घराघरांत. आणि माझ्यासाठी भजनी मंडळाची पेटी आली. तिचा भाता धाप लागल्यासारखा करायचा. बाई नेहमी काळी चारमध्ये गात. त्या रात्री माझ्या कानाशी येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘काळी तीन. आणि मी थांबले तर तुम्ही थांबू नका.’

नारळ फुटला, धूप फिरला. बाई धुरापासून लांब, मागच्या दाराशी, नाकाला पदर लावून. नांदी झाली. नाटक सुरू झालं.

सुरुवातीचा भाग निभावला. मग आलं ते पद, ‘वद जाऊ कुणाला शरण’. आता गंमत बघा, ज्या बाईचा गळा बसलाय तिनेच म्हणायचं, कुणाला शरण जाऊ. बाईंनी ते नुसतं मध्यातल्या चार सुरांत म्हटलं. तान नाही, पलटा नाही. वरच्या जागा नुसत्या दाखवल्यासारख्या केल्या आणि सोडून दिल्या. पद संपलं. माझ्या पाठीमागे क्षणभर काही नाही. आणि मग एकदम अख्खं देऊळ ओरडलं, ‘वन्स मोअर!’

मी पेटीचा सूर धरला. बाईंनी डोळे मिटले. आणि तेवढ्यात माझ्या मागून, बहुतेक तिसऱ्या-चौथ्या रांगेतून, एक खणखणीत म्हातारा आवाज आला. ‘ओगी रावात रे! तिचो ताळो बसला, कळना तुमकां?’

म्हणजे गप्प बसा. तिचा आवाज बसलाय, कळत नाही का तुम्हाला?

श्रोते हो, माझ्या उभ्या आयुष्यात वन्स मोअर मागणारे हजारांनी ऐकले. वन्स मोअर अडवणारा हा एकटा. अडवणारा, एकटा.

सगळं देऊळ गप्प. मी मान वर करून बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटलं असेल. कसलं काय! बाईंचा चेहरा लाल. त्या तरातरा माईकपाशी आल्या, मला मानेने खूण केली आणि तेच पद पुन्हा घेतलं. आणि या वेळी वरच्या जागेवर गेल्या. गेल्या आणि त्या जागेवर आवाज चिरला. चिरलेल्या आवाजातच त्यांनी ती जागा पुरी केली. मला विचाराल तर मी ऐकलेलं सर्वांत चांगलं ‘वद जाऊ’ ते. पण ते ऐकताना माझे हात गार पडले होते.

अडीच वाजता ट्रक आला. शेवटचा अंक चालू होता. ड्रायव्हर म्हणाला, ‘पणजी छान आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर एक गृहस्थ आले. सत्तरीचे, धोतर, पांढऱ्या भरघोस मिशा. गावातली पोरं त्यांना बघून हसत होती. यजमान म्हणाले, ही आमची सुभद्रा. तरुणपणी यांनी जत्रेच्या नाटकात अठरा वर्षं सुभद्रा केली. मिशा नंतर ठेवल्या, पण नाव काही पुसलं नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि मी आवाज ओळखला. घरात कोकणी बोलणारे ते गृहस्थ बाईंशी मात्र थेट नाटकातलं मराठी बोलू लागले. ‘बाई, क्षमा असावी. रात्री अधिक बोललो.’

बाईंचं मौन होतं. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी त्यांच्याकडे वळवली. ‘तुम्ही माझा वन्स मोअर घालवत होता.’

गृहस्थांनी वाचलं. म्हणाले, ‘मी आजचा मडगावचा प्रयोग वाचवीत होतो.’ आणि अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, पाटीशेजारी ठेवून निघून गेले. बाईंनी तो उचलून बघितला, पुन्हा ठेवला, पाटी पुसली. मग थोड्या वेळाने वळेसर केसांत घातला.

म्हातारा म्हणाला तसंच झालं. मडगावच्या प्रयोगाला आवाज नव्हताच. तिकिटं सगळी खपलेली, कंत्राटदार ऐकेना. शेवटी असं ठरलं, की बाई संवाद दबक्या आवाजात माईकजवळ बोलतील, पदाचं धृपद जमेल तसं म्हणतील आणि अंतरे मी ऑर्गनवर वाजवेन. ऑर्गन खाऱ्या हवेत दिवसभर उभा राहिलेला, दोन सूर अडकत होते. दुपारभर मागची फळी काढून ब्रशने पत्त्या झाडल्या.

‘वद जाऊ’ आलं. बाईंनी पहिली ओळ म्हटली, म्हणजे ओठ हलवले म्हणा, आणि माझ्याकडे बघितलं. मी अंतरा घेतला. एरवी आम्ही गळ्याच्या मागून सावलीसारखे जायचं. त्या दिवशी पुढे कुणी नाही. बाई रंगमंचावर उभ्या, सुभद्रेसारखी मान कललेली, आणि अंतरा मी एकटा वाजवतोय. वरच्या जागेवर आलो तेव्हा आदल्या रात्रीचा चिरलेला सूर कानात होता. ती जागा मी तशीच, जरा अडखळत घेतली. मुद्दाम नव्हे. तशीच आली.

पद संपलं. पाठीमागे शांतता. आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतून तोच खणखणीत आवाज, ‘वन्स मोअर!’

फोंड्याहून मडगावला आला होता तो माणूस. आणि हा वन्स मोअर बाईंना नव्हता. ऑर्गनला होता! मग सगळंच थिएटर ओरडायला लागलं.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी असे डोळे वटारले, की मला वाटलं बस सुटायच्या आधी आपल्याला उतरवणार. पण नियम तो नियम. दोन क्षण थांबून त्यांनी सुभद्रेच्याच हातवाऱ्यात हात पुढे केला. घ्या.

मी पुन्हा वाजवलं. आयुष्यातला माझा तेवढा एकच वन्स मोअर.

प्रयोग संपला, गर्दी पांगली, मी विंगेत आलो. बाई खुर्चीवर बसलेल्या, अर्धा रंग उतरलेला, केसांत अबोली सुकलेली. मला वाटलं, काहीतरी चांगलं म्हणतील. त्यांनी मांडीवरची पाटी उचलली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

‘दुसऱ्या वेळी लय ओढलीत, मास्तर.’

काचेपलीकडून मला हात दाखवला जातोय, म्हणजे बारा मिनिटं झाली. नमस्कार.